मधलं पान

वाचून दाखवणं हे वाचण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे, हे ज्यांच्या घरी पहिली-दुसरीतलं मूल आहे त्यांना मी सांगायला नको. रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. आपले डोळे मिटत असतात आणि शेजारी पडलेल्या नातवंडाचे टक्क उघडे असतात. अशा वेळी दोन पानं एकदम उलटायचा मोह साधुसंतांनाही आवरणार नाही. पण ही चोरी पचत नाही. मूल तीच गोष्ट अकराव्यांदा ऐकत असतं. "आजोबा, कोल्हा विहिरीत पडायचा राहिला!" असं ते बजावतं. सरकारी ऑडिटर परवडला. तो मधेच चहाला तरी उठतो.

पण हा झाला आळसाचा मामला. माझा प्रश्न निराळा आहे. मुलाच्या भल्यासाठी म्हणून एखादं पान गाळलं, तर ते खोटं बोलणं झालं की नाही?

आमच्याकडे हा वाद 'श्यामची आई'वरून पेटला. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि प्रकरणांना 'रात्र' म्हटलं. अशा ४२ रात्री. म्हणजे रोज एक वाचली तर दीड महिन्याची सोय. सूनबाई म्हणाली, "बाबा, पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला मारते ना, ते नका वाचू. आणि शेवट तर नकोच. आई जाते हो त्यात. आठ वर्षांची पोर आहे." हिने लगेच सुनेची बाजू घेतली. आमच्या घरात ही घटना इतकी दुर्मिळ, की मी पुस्तक मिटून दोघींकडे बघतच राहिलो.

मग मी ग्रिम बंधूंना मदतीला बोलावलं. त्यांच्या १८१२ च्या पुस्तकात हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र करून टाकलं. सख्खी सुटली; बिचाऱ्या सावत्र आयांच्या डोक्यावर आणखी एक खापर फुटलं. "बघ, गाळलेलं कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडतंच," मी म्हणालो. "बाबा, विषय बदलू नका," सून म्हणाली.

तिचं अगदीच चूक आहे असं नाही. लहान मुलाचा हात धरून चालताना खड्डा चुकवून नेणं हे मोठ्याचंच काम. पण रस्त्यात खड्डाच नव्हता असं सांगणं, हे काही त्या कामात बसत नाही. शिवाय माझा एक जुना संशय आहे. ही पानं आपण बहुतेक वेळा स्वतःसाठी गाळतो. आई गेली तर काय, ही भीती मुलांना पुस्तकातून लागत नाही. सुनेची गाडी अर्धा तास लेट झाली की आमची नात खिडकीतून हलत नाही. तिला नवीन असेल ते आजोबाला रडताना बघणं. माझी आई गेली त्याला तीस वर्षं झाली. तो शेवट मनातल्या मनात मी केव्हाही वाचू शकतो. मोठ्याने वाचायचा म्हणजे आवाजाला लपायला जागा नाही.

तूर्त आम्ही तिसाव्या रात्रीवर आहोत. मार वाचून झाला. नातीने एवढंच विचारलं, "पण मग त्याला पोहता आलं ना?" 'आलं' म्हटल्यावर कूस बदलून झोपली. सून दारातच उभी होती. काही बोलली नाही.

उरल्या बारा रात्री. त्या विषयाला घरात कुणी हात लावत नाही. काल मात्र नातीने पुस्तक माझ्याकडून ओढून घेतलं. "आज मी वाचते, तुम्ही ऐका." वाचते छान. फक्त मोठं जोडाक्षर आलं की सरळ उडी मारून पलीकडे जाते. टोकावं की नाही, हे अजून ठरत नाही.