कडक आणि चिवट

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी माझा एक जुना विद्यार्थी मला डोंबिवलीहून कल्याणला, एका लोहारकामाच्या गाळ्यात घेऊन गेला. त्याच्यापाशी एक जुनी जीप आहे आणि मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या बाजूला आडवाटांनी हिंडण्याचा त्याला नाद आहे. गाडी आणखी थोडी उचलावी म्हणून कमानपाट्यांच्या शॅकल त्याला लांब करून हव्या होत्या. पाट्याचे एक टोक चासीला पक्के असते; दुसरे शॅकलच्या झोक्यावर लटकते. खड्ड्यात पाटा सरळ झाला की त्याची लांबी वाढते, आणि त्या वाढीला कोठेतरी जागा द्यावी लागते. शॅकल दोन इंचांनी लांबवली, तर गाडी साधारण इंचभरच उचलली जाते. एवढ्या इंचभर उंचीसाठी आमची स्वारी निघाली होती!

मिस्त्रींपुढे दोन तुकडे होते. एक माइल्ड स्टीलची जाड पट्टी. दुसरा भंगारातल्या ट्रकच्या पाट्याचा. विद्यार्थ्याचे बोट अर्थातच पाट्यावर गेले.

"हा वाकायचा नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच नको," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी दोन्ही तुकडे ग्राइंडरला लावून दाखवले. पट्टीच्या ठिणग्या लांब, सरळ धावल्या. पाट्याच्या फुलबाजीसारख्या फुटल्या. हा फरक कार्बनचा. पट्टीत तो शंभर भागांत साधारण पाव भागापर्यंत. पाट्यात अर्ध्या भागाच्या आसपास किंवा अधिक. नीट पाणी देऊन, पुन्हा बेताने तापवून केलेला पाटा कडक असून लवचीकही असतो. परंतु तोच घरगुती रीतीने तापवला, वेल्डिंग केला, की कारखान्यातला तो संस्कार जातो. जोडाजवळ तो ठिसूळ होऊ शकतो. शिवाय वर्षानुवर्षे भार सोसून पडलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही.

"पट्टी आधी वाकते, मास्तर. भोक लांबतं, गाडी एका अंगाला कलते, माणसाला कळतं. हा सांगत नाही. एकदम जातो."

"माझी गाडी, माझा जीव," विद्यार्थी म्हणाला.

मिस्त्रींनी मान वर न करता विचारले, "आणि समोरून घाट चढणाऱ्या एसटीतली माणसं कुणाची?"

गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही सांगते. पण मिस्त्रींचा प्रश्न कायद्याच्याही आधीचा आहे. आपण जे स्वतःच्या हाताने घडवतो, त्याच्या मोडण्याचे ओझे कोणावर पडणार?

जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड येथे 'शेनेक्टडी' नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले असताना जवळजवळ दुभंगले. वादळ नव्हते, लाट नव्हती. थंडीत ठिसूळ झालेल्या पोलादाने वाकून इशारा दिलाच नाही.

ते वाचले तेव्हा मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. कितीही रागावलो तरी त्याच्या डोळ्यांत पाणी नसे, तोंडी तक्रार नसे. इतरांपुढे त्याला उभा करून मी म्हणे, "याला म्हणतात पोलाद!" एका सहामाहीला कोरा पेपर ठेवून तो उठला, तो पुन्हा शाळेत आलाच नाही. त्याच्या घरी काय चालले होते ते मला मागाहून कळले. रडणाऱ्या मुलांची मी विचारपूस करीत असे. याची करावी असे कधी सुचलेच नाही, कारण हा वाकत नव्हता. कडकपणालाच मी मजबुती समजत होतो.

मग वाकणे हाच सद्गुण म्हणावा काय? तसेही नव्हे. रोजच्या भाराला वाकणारी पट्टी निरुपयोगीच. म्हणून ती पुरेशी जाड घ्यावयाची: नेहमीच्या भाराला ताठ, आणि भार मर्यादेबाहेर गेला तर तुटण्याआधी वाकून सांगणारी. अशा लोखंडाला कारागीर चिवट म्हणतात. माणसातही मला आता हाच गुण मोठा वाटतो. आणि ते सांगणे ऐकू येईल इतके जवळ उभे राहणे, हे दुसऱ्याचे काम.

विद्यार्थ्याने अखेर जाड पट्टीच्या, मूळ मापाच्याच शॅकल करून घेतल्या. इंचभर उंचीचा हट्ट त्याने सोडला. परतताना त्याने मला विचारले, "सर, तो तुमच्या वर्गातला मुलगा आता कुठे असतो?"

मला सांगता आले नाही.