निर्णयाआधीचा प्रश्न

फ्रेडरिक टेलरने १९११ साली ‘शास्त्रीय व्यवस्थापना’ची तत्त्वं मांडली, तेव्हा प्रत्येक कामाची एक सर्वोत्तम पद्धत असते आणि ती घड्याळ लावून शोधता येते, असं तो धरून चालला होता. डोकं कचेरीने चालवायचं, हात कामगाराने. उत्पादन वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कचेरीलाही सगळं दिसत नसेल, ही शंका काही टेलरला शिवली नाही.

ती हर्बर्ट सायमनला आली, तीही खेळाच्या मैदानांवरून. शिकागोला शिकत असताना, १९३०च्या दशकात, त्याने आपल्याच मिलवॉकी गावातल्या मैदानांचा कारभार अभ्यासला. ती शाळा मंडळ आणि शहराचं बांधकाम खातं मिळून चालवत. पैसा देखभालीवर घालायचा की मुलांना खेळवणाऱ्या माणसांवर, यावर दोघांत वाद. अर्थशास्त्राच्या पुस्तकात उत्तर तयार होतं : पुढचा डॉलर जिथे जास्त उपयोगी, तिथे घाला. प्रत्यक्षात हा हिशेब कोणी मांडतच नव्हतं. बांधकामवाल्यांना मैदान दिसे, शाळावाल्यांना मुलं. लबाडी कोणाचीच नव्हती. खुर्चीतून जेवढं दिसे तेवढंच जो तो बोले. सायमनचं १९४७चं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेवियर’ या निरीक्षणाच्या वाटेने आलं. माणूस सर्वोत्तमाच्या मागे लागत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो, हे त्याने पुढे सांगितलं. माझ्या मते व्यवस्थापनाला मिळालेला हा सर्वांत प्रामाणिक विचार. १९७८ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण थांबायचं कुठे? त्याच वर्षी टोयोटाच्या ताइइची ओनोचं पुस्तक जपानमध्ये आलं. त्यातलं उदाहरण असं : यंत्र बंद पडलं, कारण जादा भाराने फ्यूज उडाला. भार आला, कारण बेअरिंगला वंगण कमी पडलं. वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. दांडा झिजला, कारण गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत जात होता. फ्यूज बदलून मोकळा होणारा साहेब तत्पर म्हणून नावाजला गेला असता, आणि यंत्र पुन्हा बंद पडलं असतं.

माहिती हाताशी असूनही निर्णय कसा फसतो, ते २७ जानेवारी १९८६च्या संध्याकाळी दिसलं. चॅलेंजर अवकाशयानाची रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोलचे अभियंते दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगत होते, की थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या कडक होतात, तेव्हा सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण नको. ‘नासा’ने नाराजी दाखवली. कंपनीने आपसात बोलण्यासाठी वेळ मागून घेतला. त्यात एका वरिष्ठाने अभियांत्रिकी प्रमुखाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं. सल्ला फिरला. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. पुढे चौकशीत अभियंते म्हणाले, की एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करा, असं सांगितलं गेलं. आकडे तेच होते, प्रश्न तेवढा उलटा झाला होता.

आपल्या सोसायट्यांच्या आणि पतसंस्थांच्या सभांत ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ होतात आणि मागच्या रांगेतली कुरकुर इतिवृत्तात उतरत नाही. पुढच्या सभेत हरकत घेणाऱ्याचं म्हणणं नावानिशी लिहून घ्या, मगच ठराव मताला टाका.