दिसत नाही म्हणजे नाही का?

वस्तू असूनही दिसत का नाही, याची आठ कारणे ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत सांगितली आहेत. फार दूर, फार जवळ, इंद्रियातला दोष, मनाची चलबिचल, सूक्ष्मता, मध्ये आलेला आडपडदा, दुसऱ्या तेजाने झाकले जाणे आणि सारख्यात सारखे मिसळणे. आकडे दाखवणाऱ्या जुन्या निक्सी नळ्या तपासताना मला ही कारिका वारंवार आठवते.

अमेरिकेतल्या बरोज कंपनीने १९५५ मध्ये या नळ्या बाजारात आणल्या. माझ्याकडच्या बहुतेक सोव्हिएत बनावटीच्या, आयएन-१२. काचेत निऑन, आणि ० ते ९ हे दहा धातूचे आकडे एकामागे एक रचलेले. (यातला ५ म्हणजे उलटा बसवलेला २.) मध्ये रेझिस्टर घालून सुमारे १७० व्होल्ट दिले, की निवडलेल्या आकड्याभोवतीचा वायू नारिंगी उजळतो. उरलेले नऊ डोळ्यांसमोरच असतात, पण त्या उजेडापुढे दिसत नाहीत.

आडपडदाही इथे सापडतो. या नळ्यांच्या घड्याळात तासाच्या दशकस्थानी ०, १, २ एवढेच लागतात. पेटणाऱ्या आकड्यांचे धातुकण उडून न वापरलेल्यांवर बसत राहतात. ती नळी अनेक वर्षांनी दुसऱ्या जागी लावली तर ७ अर्धवटच पेटतो. मग त्या एकट्या ७ मधून काही तास जास्त करंट सोडायचा. थर उडतो, आकडा पुरता उजळतो. ७ गेलाच नव्हता, असे सांख्य म्हणेल, आणि ते मला पटते.

पण काच तडकून हवा शिरलेली नळीही हातात येते. दहाही आकडे शाबूत, दिसायला नवीकोरी, आणि काही केल्या पेटत नाही. इथे 'आहे, पण दिसत नाही' म्हणणे खोटे आहे. आठ कारणांची यादी हाताशी असली की कोणत्याही न दिसणाऱ्या गोष्टीचे समर्थन करता येते. देवाविषयी बोलताना आमच्या घरात ते सर्रास होत असे, आणि लहानपणापासून ते मला खुपत आले.

ईश्वरकृष्ण मात्र तिथे थांबत नाही. मूळ प्रकृती, म्हणजे जगाचे मूळ कारण, सूक्ष्म म्हणून दिसत नाही, एवढे सांगून तो लगेच म्हणतो की ती तिच्या कार्यावरून कळते. हे पुढचे पाऊल मला सगळ्यात मोलाचे वाटते. अदृश्यावर श्रद्धा ठेवायला माझी हरकत नाही. पण ते आहे म्हणणाऱ्याने त्याचे कार्य दाखवलेच पाहिजे.