श्रेय आणि मजुरी

गेल्या वैशाखात एका आप्ताच्या कन्येच्या विवाहानिमित्त गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा या आमच्या गावी जाण्याचा योग आला. वरात गावात शिरली, आणि आमच्याकडे जी वाजल्यावाचून कोणतीच वरात मांडवापर्यंत पोहोचत नाही ती 'नागिणी'ची धून बँडवाल्यांनी सुरू केली. एका तरुणाने रुमालाचे टोक दातांत धरून त्याची पुंगी केली, दुसरा फणा काढून धुळीत लोळू लागला. आम्ही पन्नाशी उलटलेल्या माणसास शोभेल अशा बेताने बाजूस उभे होतो. शेजारी वधूचे मामा, निवृत्त शाळामास्तर, आणि त्यांचा नागपुरास शिकणारा भाचा यांची जुंपली होती.

"मामाजी, ती पुंगी नव्हतीच. पेटीसारखं वाजवायचं यंत्र होतं ते."

"अरे बाबू, खरा गारुडी आणला होता स्टुडिओत! आम्ही लहानपणापासून ऐकत आलो."

मग दोघेही आमच्याकडे वळले. "भाऊजी, तुम्ही प्रोफेसर. तुम्हीच सांगा."

भाच्याचे म्हणणे खरे होते. 'नागिन' हा चित्रपट 1954 सालचा. त्यातील पुंगीचा तो घुमारा क्लाव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या, पट्ट्यांच्या वाद्यातून कल्याणजी वीरजी शहा यांनी काढला आणि त्यास हार्मोनियमची जोड रवी यांनी दिली. दोघेही पुढे स्वतंत्र संगीत दिग्दर्शक म्हणून नावारूपास आले. त्या वेळी मात्र ते दुसऱ्याच्या हाताखालचे वादक होते. संगीत हेमंतकुमारांचे, आणि त्याबद्दलचे फिल्मफेअर पारितोषिकही त्यांसच मिळाले. ते अयोग्य होते असे आम्ही म्हणत नाही. पण त्या धुनेतला कोणता वाटा कोणाचा, म्हणजे सूर कोणाचा, कल्पना कोणाची आणि बोटे कोणाची, याविषयी कोणी एक नाव घेतो, कोणी दुसरे, आणि बहुतेक लोक गारुड्याचे घेतात. आमच्यासमोर हातगाडीवर ठेवलेल्या कॅसिओवर एक पोरगा तीच पुंगी वाजवीत होता. म्हणजे बँडवाला मूळ तबकडीशी मामांहून अधिक प्रामाणिक होता, ही त्यातली गंमत.

वाद तेथेच मिटला, कारण पंगती बसल्या. पण आमच्या मनातून तो गेला नाही. बाळपणी आमच्या घरी सायंकाळी विविधभारती लागे. निवेदक प्रत्येक गीतापूर्वी चित्रपट, गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे सांगे आणि ती आम्हां भावंडांस परवच्याप्रमाणे पाठ असत. त्यांपलीकडे कोणी असेल अशी शंकाही आम्हांस कधी आली नाही. आणि तरीही गीत ओळखू येई ते पुष्कळदा शब्द सुरू होण्यापूर्वीच! 'आराधना'तील (1969) 'रूप तेरा मस्ताना' ज्या अकॉर्डियनमुळे ओळखू येते ते केरसी लॉर्ड यांचे. 'गाइड'मधील (1965) 'मोसे छल किये जाय' या गीतातील तबला शिवकुमार शर्मांचा. संतूरचे तेच शिवकुमार. शंकर-जयकिशन यांच्या गीतांतील ढोलकीचा तो झुलता ठेका दत्ताराम वाडकर या गोमंतकीयाचा. वादकांच्या बिरादरीत तो आजही 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखला जातो. धंद्यातल्या लोकांनी आपल्या माणसास जे नाव दिले ते बाहेर आपणां श्रोत्यांपर्यंत आले नाही.

गायकांची स्थिती तरी एके काळी कोठे निराळी होती? 1949 साली 'महल' निघाला तेव्हा त्यातील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी', म्हणजे पडद्यावरील पात्राचे. लता मंगेशकर हे नाव विचारण्याकरिता श्रोत्यांस आकाशवाणीस पत्रे लिहावी लागली. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनास स्थान नव्हते, तेव्हा त्या समारंभात गाण्यास लताबाईंनी नकार दिला, आणि 1959 पासून ते पारितोषिक सुरू झाले. नाव हे मागून, प्रसंगी अडवून मिळवावे लागले. जे अडवू शकत नव्हते त्यांस ते मिळाले नाही.

याहून विचित्र कथा अँथनी गोन्साल्विस यांची. दक्षिण गोव्यातील माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाची रचना करीत आणि प्यारेलाल यांस व्हायोलिन त्यांनीच शिकविले. 1977 साली 'अमर अकबर अँथनी'त शिष्याने गुरूचे नाव एका गीतात गुंफले. साऱ्या देशाच्या तोंडी ते नाव झाले, परंतु एका विनोदी, काल्पनिक पात्राचे म्हणून! खरे गोन्साल्विस 2012 साली गोव्यात वारले, तोवर तसा कोणी मनुष्य आहे हेच बहुतेकांस ठाऊक नव्हते.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. या लोकांस पैसे मिळाले होते ना? ठरल्याप्रमाणे आले, वाजविले, दिवसाची मजुरी घेतली, घरी गेले. गवंडी घर बांधतो म्हणून घरावर त्याचे नाव कोणी घालीत नाही. खुद्द आमच्या जिल्ह्यात नागऱ्याचे शिवमंदिर 'हेमाडपंती' म्हणून ओळखले जाते. हेमाडपंत हे यादवांचे मंत्री. त्यांनी स्वतः एक दगड तरी घडविला असेल काय? वेरूळचे कैलास कोणी कोरले हे कोणास ठाऊक नाही, आणि त्याने कैलासाचे काय उणे झाले? आपल्याकडे कर्त्याने कर्मात विरून जावे यातच मोठेपणा मानलेला आहे, असेही यावर सांगण्यात येते.

आम्हांस हा युक्तिवाद पूर्वी पटत असे. वर्गात आम्ही तो पुष्कळदा मोठ्या आवाजात मांडलाही आहे. आता पटत नाही. जेथे कोणाचेच नाव नाही तेथे कोणाचा अपमान नाही. पण जेथे चार नावे लिहिली आणि पाचवे गाळले, तेथे ते गाळणे हेही एक विधान होते: 'येथे याखेरीज कोणी नव्हते'. आणि ते विधान खोटे आहे. मंदिर 'हेमाडपंती' म्हणताना आपण नकळत तेच खोटे बोलतो. विरून जाण्याचा मोठेपणाही ज्याचा त्याने स्वतःकरिता पत्करावा. दुसऱ्याच्या वतीने नम्र होण्याचा अधिकार कोणास नाही. ज्यांनी अहंकार सोडा म्हणून आयुष्यभर सांगितले त्या आमच्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव ठेवले. जनाबाई स्वतःस नामयाची दासी म्हणवीत, तरी अभंग त्यांच्या नावाचे आहेत, धन्याच्या नव्हेत.

मजुरीविषयी म्हणाल तर मजुरीने श्रम विकत मिळतो. 'हे मी केले' हे सत्य विकता येत नाही, कारण ते घेणाऱ्याच्या उपयोगाचे नसते. ते त्याने जवळ ठेवले तरी त्याचे होत नाही.

कायदा या बाबतीत कोठे उभा आहे ते पाहावे. 2012 साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंतास आपले नाव लावले जाण्याचा हक्क मिळाला. पण त्याच दुरुस्तीने कलावंताच्या व्याख्येस एक परंतुक जोडले: चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीतही कोठे दिले जात नाही, त्यास कलावंत समजू नये. त्याच्या कामाची मोडतोड झाल्यास तेवढी तक्रार करण्याची मुभा त्यास आहे. याचा सरळ अर्थ असा की, 'आजवर तुझे नाव घेतले नाही, म्हणून यापुढे घेण्याचे कारण नाही'. ज्या रूढीने अन्याय केला तिलाच साक्षीस बोलावून तिच्याच साक्षीवर निकाल दिला! व्यवहाराची अडचण आम्हांस दिसते. साठ व्हायोलिनवादकांतील प्रत्येकास कोर्टात जाता येऊ लागले तर चित्रपट निघणे कठीण. परंतु हल्लीच्या चित्रपटांच्या शेवटी वाहनचालकांची व चहा देणाऱ्यांचीही नावे येतात, आणि त्यामुळे कोणाचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही.

वेळेवर न लिहिलेल्या नावाचे पुढे काय होते याचे उदाहरण अमेरिकेत घडले. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या तबकड्यांवर 1960 च्या दशकात वादकांची नावे नसत. 1971 साली मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ती प्रथम आली. दरम्यान शेकडो गीते होऊन गेली होती. बास गिटार वाजविणारे जेम्स जॅमर्सन 1983 साली वारले. लॉस एंजिलिसच्या वादिका कॅरोल के यांनी त्यांपैकी काही गाजलेल्या गीतांतील बास आपला असल्याचे सांगितले. जॅमर्सन यांच्या बाजूच्यांनी ते साफ नाकारले. अशा वेळी लोक वादकांस हसतात: म्हातारपणी श्रेयासाठी भांडतात म्हणून. पण मनुष्याची स्मृती स्वतःकडे झुकतेच. शिवाय मेलेल्यास भांडता येत नाही आणि जिवंत असलेल्यास गप्प बसवत नाही. या भांडणाचा दोष भांडणाऱ्यांकडे जात नाही. तो ज्याच्या हाती लेखणी होती आणि ज्याने लिहिले नाही त्याच्याकडे जातो.

हे वाक्य लिहून आम्ही बराच वेळ थांबलो. कारण एकदा लेखणी आमच्याच हाती होती. तिशीत असताना आम्ही दवनीवाड्यात व आसपास रोवणीच्या वेळी बाया बांधीत उभ्या राहून जी गाणी म्हणतात ती गोळा केली आणि त्यांचे एक लहानसे पुस्तक काढले. मुखपृष्ठावर संपादक म्हणून आमचे नाव ठळक अक्षरांत आहे. प्रस्तावनेत आमच्या गुरुजनांचे, मुद्रकाचे आणि शाईचा डाग पुसून देणाऱ्या एका मित्राचेही आभार आहेत. गाणी देणाऱ्यांविषयी एवढेच आहे की, ती 'गावातील वृद्ध स्त्रियांकडून' मिळाली. ज्यांनी सर्वाधिक गाणी सांगितली त्या आजींनी पुस्तक नातवाकडून वाचवून घेतले होते. पुढे भेटल्या तेव्हा आपले नाव कोठे आहे ते दाखव म्हणाल्या. आम्ही पाने उलटीत राहिलो. त्या म्हणाल्या, राहू दे, आणि चहा ठेवण्यास उठल्या.

त्या आता नाहीत. लग्नाहून परतताना आम्ही दोन दिवस गावी राहिलो आणि दुसऱ्या आवृत्तीकरिता घरोघरी विचारीत फिरलो. आमच्या जुन्या वहीत एकंदर अकरा जणींची गाणी आहेत, पण नावे नाहीत. कोठे 'पाटलांच्या घरची', कोठे 'डोळ्यांनी अधू' एवढीच खूण. सात नावे लागली. एक गाणे, पुस्तकातले सर्वांत चांगले, त्यावर दोन घरांनी हक्क सांगितला. एका घरची सून म्हणते ते आमच्या सासूबाईंनी रचले; दुसऱ्या घरचा मुलगा म्हणतो त्याच्या आजीचे, आणि पुरावा म्हणून त्याने अंगणात उभे राहून ते सबंध म्हणून दाखविले. ध्वनिमुद्रण त्या वेळी केले होते, पण ती फीत आमच्याकडे नाही.

आम्ही त्या गाण्याखाली दोन्ही नावे घालून मजकूर छापखान्यात पाठविला. काल मुद्रकाचा फोन आला होता. यांतले नेमके कोणते नाव ठेवावयाचे, असे तो विचारीत होता.