यंत्रावरील शिक्का आणि आपली सदसद्विवेकबुद्धी

हल्ली बहुतेक मंडळ्यांच्या दप्तरात संगणक आला आहे. बाप्तिस्म्यांच्या व विवाहांच्या नोंदी, वर्गणीचा हिशेब, उपासनेचे पत्रक ही कामे आता त्याच्यावर होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबविला. तेव्हा जुने यंत्र काढून नवे घ्यावे काय, असा प्रश्न पंचांच्या सभेपुढे येणे साहजिक आहे. दरपत्रके मागविली जातात, किमती ताडून पाहिल्या जातात. त्या दरपत्रकांवर किमतीखेरीज आणखी काही छापलेले कधी कधी आढळते: टीसीओ सर्टिफाइड, ईपीट, एनर्जी स्टार. ही प्रमाणचिन्हे होत. वस्तू तयार करताना व वापरताना सृष्टीची, आणि काही चिन्हांच्या बाबतीत कामगारांचीही, काळजी घेतली आहे अशी ती ग्वाही देतात.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. असा शिक्का पाहून वस्तू घेतली म्हणजे आपले कर्तव्य संपले काय? आणि न पाहता घेतली तर दूरच्या अन्यायात आपण भागीदार ठरतो काय?

प्रथम खजिनदाराचे म्हणणे ऐकले पाहिजे. तो म्हणेल, "हा पैसा गरिबांच्या अर्पणाचा आहे. यात विधवेच्या दोन टोल्या आहेत. सर्वांत कमी दराचे यंत्र घेणे हेच माझे कारभारीपण." हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. परंतु दर हा फक्त आपण काय दिले ते सांगतो. दुसऱ्या कोणाला काय द्यावे लागले ते सांगत नाही. चीनमधील सुझोऊ शहरात एका कारखान्यात स्पर्शाने चालणारे काचेचे पडदे तयार होत असत. ते पुसण्यासाठी मद्यार्काऐवजी एन-हेक्झेन नावाचे द्रावण वापरण्यात आले, कारण ते लवकर वाळते व काम भराभर उरकते. त्याच्या वाफांनी मज्जातंतूंना इजा होते. २००९ च्या सुमारास तेथील १३७ कामगारांना त्याची बाधा झाली. हातापायांतील शक्ती गेल्याने अनेकांना इस्पितळात राहावे लागले. हे पडदे ॲपल कंपनीसाठी होते आणि पुढे त्या कंपनीने आपल्या अहवालात ही गोष्ट मान्य केली. ध्यानात घ्या, ही स्वस्त वस्तू नव्हती. म्हणजे कमी दर हा जसा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे, तसा जास्त दरही नव्हे. दर याबाबतीत मुका आहे. म्हणूनच दुसऱ्या कोणा साक्षीदाराची गरज पडते.

कोणी शास्त्राचा आधार घेऊन म्हणेल, पौलाने करिंथच्या मंडळीला बाजारात मिळणारे मांस फार विचारपूस न करता घेण्याची मोकळीक दिलीच होती. खरे आहे. पण त्याचे कारण पाहिले पाहिजे. ज्या मूर्तीपुढे ते मांस ठेवले गेले असेल तिला त्याच्या दृष्टीने काही सत्ताच नव्हती. म्हणून विचारण्यासारखे काही नव्हते. कारखान्यात बसलेल्या मनुष्याविषयी 'तो काहीच नव्हे' असे आपल्याला म्हणता येईल काय? शिवाय कोणी येऊन सांगितलेच, तर त्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये, असेही पौलाने त्याच ठिकाणी लिहिले आहे. न कळणे आणि कळून न कळल्यासारखे करणे यांत फार अंतर आहे. आपल्याला आता सांगण्यात आले आहे.

वस्तूवर साक्ष लिहिण्याची रीत नवी नाही. १८२० च्या दशकात इंग्लंडमध्ये गुलामगिरीच्या विरोधकांच्या घरी साखरेची अशी भांडी असत, ज्यांवर आतील साखर पूर्वेकडील हिंदुस्थानची असून गुलामांनी तयार केलेली नाही असे छापलेले असे. वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या घामाची साखर नको, हा त्यामागील भाव निर्मळ होता, आणि अशा साखरत्यागाने हजारो घरांत गुलामगिरीची चर्चा नेली. तथापि त्याच काळी कंपनी सरकारच्या मुलखातही गुलामगिरी होती. तिची कायदेशीर मान्यता १८४३ च्या कायद्याने संपली. तो शिक्का एका अन्यायाकडे बोट दाखवीत होता आणि दुसऱ्याविषयी गप्प होता. शिक्क्याचे हे दोन्ही गुण आजही तसेच आहेत.

आजच्या चिन्हांकडेही याच दृष्टीने पाहावे. टीसीओ हा स्वीडनमधील नोकरदारांच्या संघटनांचा महासंघ. १९९२ साली त्याने संगणकाच्या पडद्यांसाठी आपले चिन्ह काढले. त्या वेळी चिंता होती ती पडद्यासमोर दिवसभर बसणाऱ्या कारकुनाची. पुढे त्यात पडदा तयार करणाऱ्या कामगाराचे हक्क, घातक रसायने, खनिजांचा उगम, बॅटरी व सुटे भाग बदलता येणे, या अटी आल्या. वापरणाऱ्याच्या डोळ्यांपासून घडविणाऱ्याच्या हातांपर्यंत हा प्रवास झाला. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर असेच रुंदावत जाते. एनर्जी स्टार हे १९९२ चेच अमेरिकन चिन्ह मात्र विजेच्या बचतीपुरते आहे. कामगाराविषयी ते काही सांगत नाही, आणि सांगतो असा त्याचा दावाही नाही.

साक्षीदाराची उलटतपासणी झालीच पाहिजे. अमेरिकन संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २०१० साली काय केले पाहा. खोट्या कंपन्यांच्या नावे वीस काल्पनिक वस्तू एनर्जी स्टारसाठी पाठविल्या. त्यांपैकी पंधरांना चिन्ह मिळाले! त्यांत पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळही होते. उत्पादकाच्या शब्दावर विसंबून शिक्का दिला की असे होते. परंतु ही कथा येथेच संपवू नये. ही फजिती उघडकीस आल्यावर नियम बदलले आणि २०११ पासून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी करून घेणे सक्तीचे झाले. म्हणून "सगळे शिक्के ढोंगी" असे म्हणून स्वस्थ बसणारा मनुष्य शहाणा दिसला तरी तो आळशी आहे. खोटी नाणी चालतात म्हणून कोणी बाजार सोडत नाही. नाणे वाजवून घेतो.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे, आणि आपण प्रॉटेस्टंट लोकांनी तो लवकर ओळखावा. १५१७ साली मार्टिन ल्यूथरचा वाद सुरू झाला तो पापक्षमापत्रांच्या विक्रीवरून. पैसे देऊन कागद घेतला की अंतःकरण बदलण्याची गरज उरली नाही, ही समजूत त्याला खुपली. प्रमाणचिन्हाचेही आपण असेच क्षमापत्र करू शकतो. चिन्हाचे यंत्र घेतले, मन शांत झाले, आणि तीन वर्षांनी ते धडधाकट असतानाच नवे घेतले! अशा यंत्राची ग्वाही खरी असेल, पण आपली खोटी ठरते.

मग आपल्या लहानशा खरेदीने काय होणार, असे निराशेने विचारू नये. जुलै २०१२ मध्ये ॲपल कंपनीने आपली यंत्रे ईपीट या २००६ मध्ये सुरू झालेल्या नोंदणीतून काढून घेतली. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा कळविले की, असे असेल तर आमची खाती ही यंत्रे घेणार नाहीत. इतर ग्राहकांनीही नाराजी दाखविली. थोड्याच दिवसांत कंपनीने चूक मान्य केली आणि ती परत आली. याउलट आपल्या सरकारने १९९१ साली मातीच्या मडक्याचे सुंदर चिन्ह असलेली इकोमार्क योजना काढली. पण ते चिन्ह दुकानात मागितल्याचे आपल्यापैकी कितीजणांना आठवते? विचारणारा नसेल तर साक्षीदारही मुका होतो. जबाबदारी आपल्या शक्तीच्या मापाने असते. एका मंडळीची शक्ती थोडी, पण तिच्या शाळा, वसतिगृहे, इस्पितळे मिळून ती थोडी राहत नाही.

आमच्या मते मंडळीने हा क्रम ठेवावा. पहिला प्रश्न कोणते यंत्र घ्यावे हा नसून घ्यावे काय हा आहे. मांडीवरच्या संगणकाने सृष्टीवर टाकलेल्या भाराचा मोठा भाग तो कारखान्यातून निघण्यापूर्वीच पडलेला असतो. म्हणून टेबलावर असलेले यंत्र आणखी चार वर्षे चालविणे हे पुष्कळदा सर्वांत चांगले. स्मरणशक्तीचा सुटा भाग वाढवून किंवा लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून ते साधते, आणि खजिनदाराचे मनही राखले जाते. दुसरे, घ्यावेच लागले तर कार्यालयीन वापरातून निघालेले, दुरुस्त केलेले यंत्र पाहावे. नवे घेतल्यास चिन्ह मागावे; दुकानदाराच्या शब्दावर न राहता नमुन्याचा क्रमांक त्या संस्थेच्या जाहीर यादीत पडताळावा. साक्ष कोण देतो, तपासणी कोणी केली, आणि कशाविषयी ती गप्प आहे, हे तीन प्रश्न विचारावे.

तिसरे, शेवट. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिलेले यंत्र कोठे जाते? दिल्लीच्या सीलमपूर भागात, मुरादाबादेत, अशा यंत्रांच्या तारा तांब्यासाठी जाळल्या गेल्या आहेत आणि पट्ट्या सोन्यासाठी आम्लात बुडविल्या गेल्या आहेत; हे काम करणाऱ्या हातांत लेकरांचे हातही होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जावयास हव्यात. दोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण पावती त्या केंद्राची असावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एक सूचना करतो. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांतील शिक्षण आपण मुलांना देतो, तेव्हा विकणाऱ्याचा तराजू डोळ्यांपुढे असतो. घेणाऱ्याच्या हातीही एक तराजू असतो. त्याच्या एका पारड्यात आपली सोय असते, आणि दुसऱ्यात कधी न भेटलेल्या माणसाचे आयुष्य. ते दुसरे पारडे रिकामे समजून तोलू नये, एवढे मुलांना शिकविता आले तर कोणता शिक्का खरा हे ती पुढे आपली आपण विचारून घेतील.