"दहा मिनिटांनी येते"

कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या माझ्या मावशीला एकदा विचारलं, पेशंट खूश कशानं होतो गं? ती हसली. "खूश कोण होतंय तिथं! चिडत नाही, एवढं जमतं."

मनगट मोडलेला मुलगा तासभर बाकावर बसलेला असतो आणि मागून आलेल्या, छातीत दुखणाऱ्या आजोबांना आधी आत नेतात. मुलाच्या बापाला वाटतं, वशिला! मावशी त्याच्याजवळ जाऊन सांगते, "त्यांचं हृदयाचं आहे, म्हणून आधी. तुमच्याकडे दहा मिनिटांनी येते." आणि येते. डॉक्टर मोकळे नसले तरी येते, मुलाच्या हाताखाली उशी सारते, बोटं हलतात का बघते.

अनिश्चितता आणि वाट पाहणं रोग्याला अपाय करतं, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात बजावलंच होतं. आपण मात्र भिंतीवर 'शांतता राखा' लिहून मोकळे होतो.

मावशीची तक्रार वेगळीच. अभिप्रायाच्या फॉर्मवर सिस्टर हसून बोलली का, हे विचारतात. त्या रात्री तिच्या वाट्याला खाटा किती होत्या, हे कुणीच विचारत नाही.

तो बाप जाताना काही बोलला नाही म्हणे. केसपेपरची घडी खिशात घातली आणि दारातल्या म्हातारीला हात धरून बाकावर बसवलं.