हेतू नव्हता म्हणून?



सांधे दुखले की आपण डायक्लोफिनॅकची गोळी घेतो. तिचा काही अंश लघवीवाटे गटारात जातो. उरलेल्या गोळ्याही काही जण मोरीतच टाकतात. आपली पांझरा तापीला मिळते आणि तापी समुद्राला. तिथले शिंपले पाणी गाळून जगतात. बाल्टिक समुद्रातील शिंपल्यांवरचा एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. या औषधाने, खडकाला धरून ठेवणारे त्यांचे धागे कमजोर झाले. मात्रा मोठी होती, हे खरे. पण गिधाडे आठवा! हेच औषध दिलेली मेलेली गुरे खाऊन ती संपत आली, तेव्हा २००६ मध्ये गुरांसाठी बंदी झाली.

कुणाचाच हेतू वाईट नव्हता. तरी जबाबदारी उरतेच, असे मला वाटते. आजाऱ्याने गोळी जरूर घ्यावी. मोरीत ओतणाऱ्याला मात्र कसलेच दुखणे नसते. त्याला फक्त डबा रिकामा करायचा असतो.